सोमवारचा आकडा

तिचा एक्स-रे आजही डोळ्यांपुढे येतो. दोन्ही फुप्फुसांत गोल पांढऱ्या सावल्या, लहान-मोठ्या, वेचणीला आलेल्या वावरात बोंडं फुटलेली दिसावीत तशा. घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली ही बाई. वय सव्वीस. चार महिने क्षयाच्या गोळ्या चालू होत्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण खोकल्यातून रक्त पडत होतं, वजन उतरलं होतं, एक्स-रे खराब होता. आपल्या भागात अशा बाईला आधी क्षयाचाच विचार होतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो.

मी तेव्हा स्त्रीरोग विभागात निवासी डॉक्टर होते. बाई मेडिसिनच्या वॉर्डात होती. अंगावरून थोडं थोडं रक्त जातंय म्हणून मला बोलावलं होतं. सात महिन्यांपूर्वी बाळंतपण झालेलं, त्याच वेळी नसबंदीचं ऑपरेशनही उरकलेलं. आमच्या मॅडमनी एक्स-रे खिडकीकडे धरून पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "लघवीची पट्टी लाव." ऑपरेशन झालेल्या बाईला गरोदरपणाची पट्टी कशाला, हे मला कळेना. लावली. दोन्ही रेघा लगेच उमटल्या, गडद.

रक्ताचा नमुना पाठवला, पण अहवाल यायच्या आत रात्री तिचं डोकं दुखायला लागलं, मग झटके आले. पहाटेपर्यंत ती गेली. मेंदूत पोचलेली गाठ फुटून रक्तस्राव झाला होता.

सकाळी तिची आई माझ्यापाशी आली. रडून रडून आवाज बसला होता. म्हणाली, "हे पट्टी त आमच्या आशाबाईच्या पिशवीतबी असते. मंग आधी काहून नाही लावली?"

या गोष्टीला पंधरा वर्षांहून जास्त झाली. पुढे मी जे काही शिकले, जे संशोधन केलं, ते या एका प्रश्नाच्या मागे मागे गेलं.

तिला कोरिओकार्सिनोमा होता. हा कर्करोग बाईच्या स्वतःच्या अवयवातून सुरू होत नाही, वारेच्या पेशींतून होतो. द्राक्षगर्भानंतर होतो (गर्भ न वाढता वारच द्राक्षांच्या घडासारखी फुगते तो), गर्भपातानंतर होतो आणि क्वचित चांगल्या, सुखरूप बाळंतपणानंतरही होतो. कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. रक्तावाटे आधी फुप्फुसांत जातो, म्हणून खोकला येतो. वारेच्या पेशी जो संप्रेरक सोडतात तोच हा रोगही सोडतो: बीटा एचसीजी. गरोदरपणाची पट्टी ओळखते ती यालाच. त्यामुळे निदानाला तुकडा काढावा लागत नाही. उलट तुकडा काढायला गेलं तर धोधो रक्त जाऊ शकतं. रक्तातला हा आकडा आणि बाईची हकिगत नीट विचारणं, यावर निदान होतं. आणि ज्याने ती आई आजही माझ्या मनातून जात नाही ते हे, की वेळेत सापडला तर हा कर्करोग बरा होतो. कमी जोखमीच्या जवळजवळ सगळ्या बाया बऱ्या होतात, जास्त जोखमीच्यासुद्धा बहुसंख्य.

पुढे मुंबईत स्त्रीकर्करोगाचं शिक्षण घेतलं आणि विदर्भात परत आले. त्या वेळी माझं भलं चिंतणाऱ्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला: गर्भाशयमुखाचा कर्करोग घे, स्तनाचा घे, रुग्ण भरपूर आहेत, निबंध लवकर होतील, पदोन्नती अडणार नाही. सल्ला चुकीचा नव्हता. युरोपात वर्षाला लाखात ६ पेक्षा कमी लोकांना होणारा कर्करोग दुर्मिळ धरतात, आणि त्या व्याख्येत मी निवडलेले आजार अगदी आत बसतात. पण आपल्याकडे दुर्मिळ म्हणजे किती, हे ठरवायला आधी कोणी मोजायला तर हवं. क्षयाच्या फायलीत मेलेली बाई कर्करोगाच्या नोंदवहीत येत नाही. मग आजार दुर्मिळ ठरतो, म्हणून त्याची आठवण कोणाला होत नाही, आणि म्हणून तो सापडतही नाही.

सुरुवात नोंदवह्यांपासून केली. दवाखान्यात जुन्या प्रसूतिगृहाच्या आणि लहान शस्त्रक्रियांच्या वह्या होत्या, कापडी पुठ्ठ्याच्या, कोपरे वाळवीने खाल्लेले. 'पिशवी साफ केली', म्हणजे गर्भपिशवी, अशा नोंदी शेकड्यांनी. पण साफ केलेलं पुढे कुठे गेलं? तपासायला पाठवल्याची नोंद फार कमी. जे पाठवलं होतं त्यातही काही नमुने नुसत्या सलाइनमध्ये गेलेले, म्हणजे प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सडलेले. द्राक्षगर्भ तिथेच, बादलीत, निसटत होता. पहिलं वर्ष मी तालुक्यांच्या ठिकाणी, ग्रामीण रुग्णालयांत, खासगी दवाखान्यांत फिरले. सोबत रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, त्यांत नमुना टिकवणारं दहा टक्के फॉर्मॅलिन, वर चिकटवलेली चिठ्ठी. प्रत्येकाला एकच सांगायचे: पिशवीतून जे निघेल ते फेकू नका, यात टाका, मी घेऊन जाते. एका ठिकाणी मला सरळ सांगितलं गेलं की तुमच्या निबंधासाठी आमच्या सिस्टरने बाटल्या का भराव्यात. तीन महिन्यांनी त्याच जागेवरून फोन आला. बाटली भरली होती आणि तो द्राक्षगर्भ निघाला होता. तो फोन करणाऱ्या सिस्टरचे आभार मी अजून मानते.

द्राक्षगर्भाबद्दल घरात काय काय बोललं जातं ते ऐकून जीव तुटतो. पोटातून द्राक्षांच्या घडासारखं निघालं म्हणजे बाईनेच काही पाप केलं असणार, कोणाची नजर लागली असणार. म्हणून सासू, नवरा, सगळ्यांना समोर बसवून मी सांगते: पूर्ण द्राक्षगर्भात आईची गुणसूत्रं नसतातच. अंड्यातलं आईचं केंद्रक हरवलेलं असतं, आत असतं ते सगळं बापाकडून आलेलं. यात बापाचाही दोष नाही, फलनाच्या क्षणी होणारी ती चूक आहे. पी-५७ नावाची एक रंगतपासणी याच गोष्टीवर चालते. ते प्रथिन आईकडच्या जनुकातून बनतं, म्हणून पूर्ण द्राक्षगर्भात वारेच्या बोटांसारख्या उंचवट्यांत ते दिसत नाही. एका सासूने हे ऐकून सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला होता. सूक्ष्मदर्शकाखालची गोष्ट माणसांच्या घरात अशी कामाला येताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पण बाटली भरली म्हणजे काम संपत नाही, तिथून सुरू होतं. पिशवी साफ झाल्यावर बीटा एचसीजी दर आठवड्याला मोजायचा, आकडा सलग तीनदा सामान्य येईपर्यंत, आणि पुढे काही महिने महिन्यातून एकदा. आकडा उतरत गेला तर काही करायचं नाही. तीन आठवड्यांतल्या चार मोजण्यांत तिथेच अडकला, किंवा दोन आठवड्यांतल्या तीन मोजण्यांत चढत गेला, तर औषध सुरू करायचं. हे नियम जगात बहुतेक ठिकाणी असेच आहेत. पुस्तकात दोन ओळींचे. पण आर्णीजवळच्या वाडीतून दर आठवड्याला येणं म्हणजे एक दिवसाची मजुरी, जाण्या-येण्याचं भाडं आणि घरी लेकरू कोणाकडे सोडायचं हा प्रश्न. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते, बुडालेली मजुरी बसत नाही. २०२३ मध्ये बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, त्याने खरोखर फरक पडला. मी तो माझ्या ओपीडीत पाहिला.

मग आम्ही सोमवार ठरवला. सोमवारी रक्त घ्यायचं, लगेच सीरम, म्हणजे रक्तातला वरचा पातळ भाग, वेगळं करायचं, लसीच्या डब्यासारख्या थंड डब्यात घालून दुपारच्या गाडीने पाठवायचं, आणि दर वेळी एकाच प्रयोगशाळेत, एकाच यंत्रावर. हा हट्ट फार महत्त्वाचा. वेगवेगळ्या यंत्रांवरचे आकडे जुळत नाहीत, आणि इथे सगळा निर्णय आकडा चढला की उतरला यावर असतो. पट्टीवर तर पूर्ण भरवसा ठेवताच येत नाही. संप्रेरक अतोनात वाढलेलं असेल तर पट्टी गोंधळून खोटी नकारार्थी येऊ शकते, नमुना पातळ करून पुन्हा बघावं लागतं. आशाताईंच्या बैठकीत मी हे दरवेळी सांगते, आणि सोबत हेही की बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर किंवा ऑपरेशन झालेल्या बाईच्या अंगावर रक्त जात राहिलं, किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर तुमच्या पिशवीतली ती गरोदरपणाची पट्टी काढा. आणि पट्टी काहीही म्हणो, शंका असेल तर मला फोन करा.

या सोमवारांमध्येच ती आली. हिचं नाव मी सांगणार नाही, वहीत ती सत्तेचाळीस नंबर आहे. द्राक्षगर्भ साफ झालेला, आकडा तीन आठवडे अडकलेला, फुप्फुसांत दोन लहान ठिपके. जोखमीचा गुणांक कमी होता, म्हणून मेथोट्रेक्सेट हे एकच केमोचं औषध. एक दिवसाआड चार इंजेक्शनं, मधल्या दिवशी निरोगी पेशी सावरायला फोलिनिक ॲसिडची गोळी, दर दोन आठवड्यांनी एक फेरी. मे महिना, बाहेर ४५ अंश. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे पाणी कमी पडून चालत नाही. मी तिला तांब्या मोजून पाणी प्यायला लावायचे. दुसऱ्या फेरीत तोंड आलं, भाकरी गिळवेना, ठेच्याचा वास आला तरी डोळ्यांत पाणी यायचं. दह्या-भातावर काढले ते दिवस.

पाचव्या फेरीपर्यंत ठिपके गेले, खोकला गेला, गाल भरले. आकडा ११ वर होता, सामान्य म्हणजे ५ च्या खाली. सोयाबीनच्या पेरणीचे दिवस आले. ती म्हणाली, "बाई, आता माह्या अंगात काईच नाही. जेवण पचते, झोप लागते. मंग मी काहून येऊ?"

हाच प्रश्न १९५६ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या संस्थेत उभा राहिला होता, म्हणून मला तो नवा नव्हता. मिन चिउ ली या डॉक्टरने रॉय हर्ट्झ यांच्यासोबत कोरिओकार्सिनोमाच्या बायांना मेथोट्रेक्सेट दिलं आणि फुप्फुसांतल्या गाठी विरघळल्या. औषधांनी घन गाठीचा कर्करोग बरा होऊ शकतो हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. बाया बऱ्या दिसायला लागल्या, तरी ली थांबेना. संप्रेरक शिल्लक आहे तोवर रोग शिल्लक आहे, असं तो म्हणत राहिला. बऱ्या दिसणाऱ्या बाईला विष देत राहणं वरिष्ठांना पटलं नाही, त्याला संस्था सोडावी लागली. त्याचंच खरं ठरलं, आणि १९७२ मध्ये वैद्यकातल्या मानाच्या लास्कर पुरस्कारात त्याचं नाव आलं. आज तर आकडा ५ च्या खाली आल्यावरही आम्ही आणखी फेऱ्या देतो, कारण ५ वर असतानाही शरीरात हजारो जिवंत पेशी राहू शकतात.

ही गोष्ट मी सत्तेचाळीस नंबरला सांगितली. आणि तिच्यामागची आणखी एक सांगितली, जी मला स्वतःला फार जवळची आहे. १९२८ नंतर ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत गिरणी कामगारांच्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर काम करत होती. त्यांना यीस्टचा अर्क दिल्यावर रक्त वाढलं. त्या अर्कातला गुण पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. ते फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या, आणि नंतर त्याची वाट अडवणारी औषधं बनवणाऱ्या गटाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. मेथोट्रेक्सेट त्यातूनच आलं. म्हणजे आपल्याच इथल्या गरोदर, कष्टकरी बायांच्या रक्तातून या औषधाची वाट निघाली. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "त्या गिरणीतल्या बाया मंग बऱ्या झाल्या?" मी म्हटलं, झाल्या. "मंग येतो मी."

इथे एक चूक सांगायची राहिली, माझीच. फॉलिक ॲसिड आणि मेथोट्रेक्सेट एकमेकांच्या विरोधात आहेत. उपचार चालू असताना फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद ठेवायच्या असतात (मधल्या दिवशीची फोलिनिक ॲसिडची गोळी वेगळी, ती आम्हीच ठरवून देतो). पण रक्तवाढीच्या लाल गोळ्या आशाताई घरोघर देतात, आणि माझी एक रुग्ण त्या मन लावून, एक दिवस न चुकवता घेत होती. मी विचारलंच नव्हतं. आकडा का उतरेना म्हणून मी औषध बदलायच्या विचारात होते, तेव्हा तिच्या पिशवीतून पाकीट बाहेर पडलं. त्या गोळ्यांमुळेच अडलं होतं का, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही. पण तेव्हापासून पिशवी उघडून दाखव, हा माझा पहिला प्रश्न असतो. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. त्या रुग्णांना फॉलिक ॲसिड रोज लागतं. अशा एका मुलीसाठी आम्ही मेथोट्रेक्सेट टाळून डॅक्टिनोमायसिन हे दुसरं औषध घेतलं. ते शिरेबाहेर सांडलं तर कातडी जाळतं, आणि तिच्या शिरा सारख्या सुया टोचून आधीच चिवट झालेल्या. प्रत्येक वेळी सुई मी स्वतः लावली.

संशोधनाची परवानगी मिळवायला गेले तेव्हा नैतिकता समितीने संमतिपत्र तीनदा परत केलं, आणि मला वाटतं बरोबरच केलं. पहिल्या मसुद्यात 'जैविक नमुन्यांचे दीर्घकालीन जतन' असं लिहिलं होतं. एका आजीने ते ऐकून विचारलं होतं, "म्हणजे आमच्यावर प्रयोग करून राहिल्या का तुमी?" मग मी ते पुन्हा लिहिलं: तुझं जास्तीचं थोडं रक्त आणि काढलेल्या मांसाचा तुकडा आम्ही जपून ठेवू, पुढे दुसऱ्या बायांना उपयोग व्हावा म्हणून. तू नाही म्हणालीस तरी औषध तेच मिळेल, आणि केव्हाही परत माग. हे वऱ्हाडीत वाचून दाखवलं की बाया प्रश्न विचारायला लागतात. प्रश्न विचारून दिलेली संमतीच मला खरी वाटते.

अंडाशयाच्या ग्रॅन्युलोसा पेशींच्या (संप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींवरही, म्हणजे आणखी एका दुर्मिळ कर्करोगावर, काम केलं, त्याबद्दल थोडक्यात. २००९ मध्ये कळलं की प्रौढ प्रकारच्या या गाठींत जवळपास सगळ्यांत एफओएक्सएल-२ या जनुकात एकच, तोच बदल असतो. निदान पक्कं करायला याहून सरळ खूण दुसरी कुठली? मी उत्साहाने गाठींचे तुकडे जपून ठेवलेले जुने मेणाचे ठोकळे गोळा केले. बरेचसे टिनाच्या छपराखाली उन्हाळे काढून मऊ पडलेले, क्रमांक पुसलेले. त्यातून डीएनए काढला तर तुकडे तुकडे, कारण अनेक ठिकाणी फॉर्मॅलिन त्याची आम्लता आवरणारं बफर न घालताच वापरलेलं होतं. सहा महिन्यांचं काम वाया गेलं. शेवटी अगदी लहान तुकडा वाढवणारी पद्धत बसवली तेव्हा काही ठोकळे बोलायला लागले. ही गाठ वीस वर्षांनीही परत येऊ शकते, म्हणून त्या बायांचे पत्ते शोधणं हे मी अजून करते आहे.

सगळ्यात उपयोगी पडलेला अभ्यास मात्र प्रयोगशाळेतला नव्हता. पाच वर्षांच्या सोमवारांच्या वहीत जिथे जिथे बाई आली नाही, त्या तारखा मी लाल पेनाने घेरल्या आणि वर्षाच्या दिनदर्शिकेवर लावल्या. लाल खुणा सगळीकडे सारख्या पसरलेल्या नव्हत्या. मृगाचा पाऊस पडल्यावर पेरणीला, आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीला त्यांची दाटी झाली होती. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, की बाया परत येत होत्या. मी इतकी वर्षं 'रुग्ण सहकार्य करत नाही' असं लिहीत होते. लिहिताना मला जराही लाज वाटली नव्हती, ती ती दिनदर्शिका पाहून वाटली. निबंध पाठवला तर एका ठिकाणाहून रुग्णसंख्या फार कमी म्हणून परत आला, दुसरीकडे छापून आला. पण त्याआधीच आम्ही पेरणी आणि वेचणीच्या आठवड्यांत रक्त गावातच घ्यायला लागलो होतो. आरोग्य उपकेंद्रात सकाळी सातला, बाया वावरात निघायच्या आधी.

सत्तेचाळीस नंबरचं शेवटचं रक्त असंच एका वेचणीच्या सकाळी उपकेंद्रात घेतलं. ५ च्या खाली. नंतरही महिन्यामागून महिना तिथेच राहिलं. मूल होऊ द्यायला मी वर्षभर थांबायला सांगितलं होतं, कारण नवीन गरोदरपण आणि परतलेला रोग, दोन्हींत तोच आकडा चढतो. ती दोन वर्षं थांबली.

गेल्या पोळ्याच्या आधी एका दुपारी आशाताईंनी एक पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आत माझीच रुंद तोंडाची बाटली, फॉर्मॅलिनमध्ये वारेचा मोठा तुकडा, आणि वर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: ४७, मुलगी झाली. आमच्याकडे वार पुरतात. आशाताई म्हणाल्या, सासूने अर्धी रिवाजाप्रमाणे अंगणात पुरली आणि अर्धी कापून दिली, म्हणे डॉक्टरीनबाईले लागते.

सहा आठवड्यांनी सोमवारी ती आली. बाळ सासूच्या मांडीवर झोपलं होतं. तिने न सांगता बाही वर केली आणि मूठ आवळली. नळी भरली, मी तिच्यावर क्रमांक घातला, सीरम काढून थंड डब्यात ठेवलं. दुपारची गाडी सुटायला वीस मिनिटं होती.